खोबरेल गोठलं

आमच्या वसतिगृहाच्या खोलीत थंडी आली की नाही, हे खिडकीतली तेलाची बाटली सांगते. डिसेंबरातल्या एका सकाळी डोक्याला तेल लावायला बाटली उलटी केली, तर काहीच येईना. हलवली, दाबली, तरी नाही. उजेडात धरून पाहिलं तर आतलं तेल मेणासारखं पांढरंशुभ्र झालेलं, आणि वर मधोमध एक खळगा. आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "गरम पाण्याच्या मगात ठेव थोडा वेळ. आणि आजपासून रात्री पायमोजे घालत जा." तेल गोठलं की पायमोजे, हे तिचं गणित शास्त्राच्या कसोटीलाही उतरतं.

खोबरेल तेल साधारण २४ अंश सेल्सिअसला वितळतं. हवा त्याच्या बरीच खाली गेली आणि तास-दोन तास तिथेच राहिली, की ते थिजतं. शेजारच्या कपाटातल्या शेंगदाणा तेलाला मात्र काहीच होत नाही. दोन्ही तेलंच, मग हा फरक का?

तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरॉलच्या एका आखूड दांड्याला जोडलेल्या मेदाम्लांच्या तीन लांब साखळ्या. खोबरेलात जवळजवळ निम्मा वाटा लॉरिक आम्लाचा असतो. त्याची साखळी १२ कार्बनची, आणि सरळ. सरळ फाट्यांची मोळी कशी घट्ट बांधता येते, तशा या साखळ्या एकमेकींना चिकटून रांगेत बसतात आणि स्फटिक तयार होतात. शेंगदाणा तेलात ओलेइक आम्ल भरपूर. त्याच्या साखळीत मधोमध एक दुहेरी बंध असतो आणि तिथे ती कोपरासारखी वाकते. वाकड्या फाट्यांची मोळी नीट बसत नाही, मध्ये फटी राहतात. म्हणून ते तेल मुंबईच्या थंडीत पातळच राहतं.

खळग्याचं कारणही याच मोळीत आहे. रेणू जवळ आले की तेलाचं आकारमान घटतं. बाटलीच्या कडेचं तेल आधी गोठतं, मधलं सगळ्यात शेवटी, आणि तोवर मधली जागा भरायला तेल पुरत नाही. पाण्याचं नेमकं उलट: ते गोठताना फुगतं, म्हणून बर्फ तरंगतो. मी बाटली मगात ठेवून हे बघत बसले होते. कडेचं तेल आधी सुटलं, मधला पांढरा गोळा मोकळा झाला आणि हळूच तळाशी जाऊन बसला. पहिल्या लेक्चरला त्या दिवशी उशीर झाला, पण इतक्या दिवसांत हे कधी नीट पाहिलंच नव्हतं.

माझी रूममेट निफाडची. तिला आमचं कौतुक कळत नाही. "ही कसली गं थंडी? आमच्याकडं बाटली महिनाभर दगड असते." तिच्या घरी कडाक्याच्या रात्री द्राक्षबागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात, त्यामुळे तिचं म्हणणं खरंच आहे. पण मला वाटतं, मुंबईच्या थंडीची गंमत त्या २४ अंशांच्या रेषेपाशीच आहे. जानेवारीत सांताक्रूझचं किमान तापमान सरासरी १७ अंशांच्या आसपास असतं आणि दुपारी पारा ३० च्या वर जातो. म्हणजे आमचं तेल रात्री गोठतं आणि दुपारी दोनला पुन्हा वाहायला लागतं. रोज एक फेरी. हवामान खातंही हा फरक मानतं. सपाट प्रदेशात थंडीची लाट म्हणायला पारा १० अंशांवर किंवा खाली यावा लागतो, किनाऱ्यावर १५ पुरतात. शिवाय तो नेहमीपेक्षा निदान साडेचार अंशांनी उतरलेला हवा.

इतकी घसरण रात्रीतून होते कशी? पावसाळ्यात ढग आणि बाष्प गोधडीसारखे अंगावर असतात. जमीन दिवसा तापते, रात्री ती उष्णता अवरक्त किरणांच्या रूपात बाहेर टाकते, आणि बाष्प त्यातली बरीचशी परत खाली पाठवतं. ऑक्टोबर सरला की ही गोधडी निघते. आकाश निरभ्र, हवा कोरडी, जमिनीची ऊब थेट वर निघून जाते. पाण्याला तापायला आणि निवायला मातीपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो, त्यामुळे जानेवारीतही मुंबईजवळचा समुद्र २५-२६ अंशांच्या घरात असतो. मग वारा कुठून येतो यावर सगळं ठरतं. दुपारी समुद्रावरून आला तर दमट, पहाटे उत्तरेकडून जमिनीवरून आला तर कोरडा आणि गार. हिमालयात बर्फ पडून गेलं की पुढच्या काही दिवसांत गुजरातमार्गे तो गारवा आपल्यापर्यंत पोहोचतो. तिन्ही बाजूंनी पाणी असलेला कुलाबा म्हणूनच ऊबदार राहतो, तर बोरिवली, कल्याण, बदलापूरच्या मुली पहिल्या लोकलने स्वेटर घालून येतात आणि अकरानंतर तो बॅगेत कोंबतात. सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी पारा ७.४ अंशांवर उतरला होता. त्या सकाळी मुंबईतल्या घराघरांतलं खोबरेल कसं दिसलं असेल, हा विचार मी पुष्कळदा करते.

कोरड्या वाऱ्याचा एक मोठा फायदा वसतिगृहात राहणाऱ्यालाच कळतो: जुलैत तीन दिवस कुबट वास मारत दोरीवर लोंबणारी जीन्स आता संध्याकाळपर्यंत वाळते. वारा कपड्यांतलं पाणी ओढतो तसंच ओठांतलं आणि टाचांतलंही ओढतो. तेलाचा पातळ थर ती वाट अडवतो, म्हणून नेमकं गोठायच्या दिवसांतच ते जास्त लागतं.

गारव्याची वाईट बाजू विद्यानगरीच्या, म्हणजे आमच्या कलिन्यातल्या विद्यापीठ संकुलाच्या, गच्चीवरून दिसते. एरवी वर जावं तशी हवा थंड होते. थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवाच आधी निवते आणि तिच्यावर उबदार हवेचं झाकण बसतं. गाड्यांचा धूर, बांधकामाची धूळ त्या झाकणाखाली साचते. सकाळी बीकेसीच्या (वांद्रे-कुर्ला संकुलाच्या) इमारती करड्या पडद्याआड जातात. ते धुकं नाही, हे घशाला आधी कळतं. ऊन चढून झाकण मोडेपर्यंत मैदानावर धावायला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तसंही त्या वेळी उजाडलेलं नसतं. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, मुंबई ७३ च्या जवळ, म्हणून आपला सूर्य घड्याळाच्या ३९ मिनिटं मागे असतो. पूर्वी या शहराला स्वतःची मुंबई वेळ होती, ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे, आणि देशात प्रमाणवेळ आल्यावरही ती १९५५ पर्यंत टिकली. आज सहाचा गजर झाला की सूर्याच्या हिशेबाने ५ वाजून २१ मिनिटंच झालेली असतात. अंग उठायला कुरकुरतं ते आळसाने नाही. मेंदूतलं घड्याळ उजेडावर चालतं, आणि उजेड अजून आलेला नसतो.

त्यातही सगळ्यात काळोखी सकाळ २२ डिसेंबरची नसते. पृथ्वी जानेवारीच्या सुरुवातीला सूर्याच्या सर्वांत जवळ असते आणि कक्षेत सर्वांत वेगाने धावते. तिचा कललेला आस आणि हा वेग मिळून खरी मध्यान्ह रोज थोडी पुढे सरकते: मुंबईत नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२ वाजून २२ मिनिटांनी होणारी मध्यान्ह फेब्रुवारीच्या मध्याला १२:५३ वर जाते. दिवस लहान असतानाच तो अख्खा पुढे ढकलला जातो. म्हणून सूर्यास्त सर्वांत लवकर नोव्हेंबरअखेर होतो, सहाच्या ठोक्याला, आणि सूर्योदय सर्वांत उशिरा जानेवारीच्या मध्याला, सव्वासातच्या सुमारास.

म्हणजे ऐन संक्रांतीला. त्या पहाटे रूममेटने मला उठवलं, घरून आलेले तिळाचे लाडू हातावर ठेवले, आणि खिडकीबाहेर सात वाजता रस्त्याचे दिवे चालूच होते. दिवस तीन आठवड्यांपासून वाढतोय हे आम्हाला कळलं ते संध्याकाळी, प्रयोगशाळेतून सव्वासहाला बाहेर पडल्यावर अजून ऊन होतं तेव्हा. खोलीवर येऊन तिने बाटली उचलून हलवली. तळाशी बोटभर पांढरा थर अजून शिल्लक होता.