चित्र काढणाऱ्या मॉडेलनं सूर कसा लावला?

२०२२च्या डिसेंबरमध्ये सेथ फोर्सग्रेन आणि हाइक मार्टिरोस या दोघांनी एक उचापत केली. शब्दांवरून चित्र काढणारं स्टेबल डिफ्युजन हे एआय मॉडेल त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सर्वांसाठी खुलं झालं होतं. या दोघांनी ते वेगळ्याच चित्रांवर शिकवलं. ती चित्रं होती आवाजाची. त्यातून जे उभं राहिलं त्याचं नाव रिफ्युजन.

आवाजाच्या चित्राला स्पेक्ट्रोग्राम म्हणतात. डावीकडून उजवीकडे वेळ सरकतो, खालून वर सूर चढतो, आणि ज्या सुरात जोर जास्त तिथला ठिपका गडद. तबल्यावरची थाप इथे उभ्या रेघेसारखी उमटते. तानपुऱ्याच्या आडव्या रेघा एकावर एक रचलेल्या दिसतात. मींड घेतली, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत गेलं, की मूळ सुराची रेघ तिरकी वळते आणि तिच्यावरचे सगळे उपस्वर, म्हणजे त्याच सुराबरोबर वाजणारे वरचे सूक्ष्म सूर, तिच्याबरोबर वाकतात. गाणं असं डोळ्यांनी बघायला मिळणं हीच मुळात मोठी चैन आहे, एआय असो वा नसो.

अशा मॉडेलची शिकवणी उलट्या दिशेनं चालते. चांगल्या चित्रावर थोडे थोडे विस्कळीत ठिपके मिसळायचे आणि ‘यात भेसळ कोणती?’ ते ओळखायला लावायचं. हे जमलं, की निव्वळ ठिपक्यांचा कचरा हाती देऊन ‘जाझ पियानो’ असं सांगायचं. मॉडेल टप्प्याटप्प्यानं भेसळ काढत जातं आणि पियानोचा स्पेक्ट्रोग्राम शिल्लक राहतो. ५१२ बाय ५१२ ठिपक्यांचं एक चित्र म्हणजे साधारण ५ सेकंदांचं संगीत.

पण या चित्राचा पुन्हा आवाज करताना एक मेख आहे. सुरात जोर किती ते चित्रात दिसतं. ध्वनीची लाट त्या क्षणी चढतीला आहे की उतरतीला, ते नाही. ही हरवलेली माहिती ग्रिफिन-लिम नावाची १९८४ सालची पद्धत अंदाजानं भरते, पुन्हा पुन्हा ताळा जुळवत. अंदाज चुकतो तिथे आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटतो.

प्रयोग करायचा तर आपलंच रेकॉर्डिंग घ्यावं. त्याचं चित्र करून त्यात भेसळ घालायची आणि नवे शब्द देऊन ती काढायला सांगायची. भेसळ कमी ठेवली तर लय आणि चाल बरीचशी टिकते आणि गिटारच्या जागी सॅक्सोफोन ऐकू येऊ शकतो. जास्त झाली तर मूळ गाणं गायब. माझ्या मते सगळी गंमत भेसळ किती ठेवायची या एका खिट्टीत आहे. शब्दांची कारागिरी त्यानंतर.

आपल्या रागसंगीतात मात्र हे चित्र जाडंभरडं पडतं. मध्य सप्तकात चित्राची एक ओळ काही हर्ट्झ (सेकंदाला होणारी कंपनं) इतकी रुंद असते. कोमल गांधार आणि दरबारी रागातला त्याहून किंचित उतरलेला अतिकोमल गांधार यांतलं अंतरही साधारण तेवढंच, आणि दरबारीत तो आंदोलित, म्हणजे हलता, असतो. वरच्या उपस्वरांत हे अंतर वाढत जातं, तिथे थोडा सुगावा लागतो इतकंच. शिवाय ५ सेकंदांत विलंबित एकतालाची एक मात्रा जेमतेम मावते. बारा मात्रांचं आवर्तन पुरं करून समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, यायचं म्हटलं तर अशी डझनभर चित्रं एकमेकांना जोडावी लागतील.