संडे स्कूलची बाई आणि सेमिनरीची पदवी : एका प्रश्नाची पार्श्वभूमी

मराठवाड्यातील बहुतेक ख्रिस्ती मंडळ्यांत, म्हणजे स्थानिक चर्चमध्ये, संडे स्कूलची (रविवारी मुलांना बायबल शिकवणाऱ्या वर्गाची) शिक्षिका अर्ज मागवून नेमली जात नाही. जून महिन्यातल्या एखाद्या रविवारी उपासना संपते, माणसे देवळाच्या दारात चपला शोधत असतात आणि पाळकसाहेब एखाद्या तरुणीला हाक मारून म्हणतात, ‘तुझं डी.एड. झालंय, लेकरं तुझं ऐकतात, पुढच्या रविवारपासून तूच घे.’ नेमणूक एवढ्यावरच होते. अलीकडे मात्र मंडळीच्या बैठकांत आणि शिक्षक-शिबिरांत असा प्रश्न विचारला जाऊ लागला आहे की, मुलांना पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, शिकवणाऱ्याने आधी ते स्वतः सेमिनरीत, म्हणजे पाळक व धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात, रीतसर शिकलेले असावे की नाही. या प्रश्नाला लगेच हो किंवा नाही असे उत्तर देण्यापूर्वी सेमिनरी आणि संडे स्कूल या दोन संस्था कुठून आल्या हे पाहणे उपयोगाचे ठरेल. कारण त्या वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या गरजांतून जन्मल्या आणि बराच काळ एकमेकींची फारशी दखल न घेता वाढल्या.

‘सेमिनरी’ या शब्दाचे मूळ असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थ रोपवाटिका असा आहे. कांद्याचे रोप आधी वाफ्यात वाढवून मग शेतात लावावे, तसे पुढे धर्मगुरू होणाऱ्या मुलांना लहानपणापासून वेगळे ठेवून वाढवावे, ही कल्पना कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील धर्मसभेने जुलै १५६३ मध्ये ठराव करून सर्व बिशपांना बंधनकारक केली. अडाणी पाद्री ही त्या काळातील मोठी तक्रार होती आणि तिच्यावरचा हा उपाय होता. त्याच सभेने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये असेही फर्मावले की, प्रत्येक धर्मग्रामात (एका धर्मगुरूच्या देखरेखीखालील वस्तीत) रविवारी आणि सणाच्या दिवशी मुलांना श्रद्धेची मूलतत्त्वे शिकवली जावीत. पण ती प्रत्यक्षात शिकवायची कोणी? मिलानमध्ये १५३६ पासून सामान्य स्त्रीपुरुषांची एक संघटना रविवारी मुले गोळा करून हेच काम करीत होती, आणि पुढेही ते मोठ्या प्रमाणात अशाच लोकांकडे राहिले. रोपवाटिका धर्मगुरूंसाठी होती. मुलांना शिकवणाऱ्यांसाठी वेगळा वाफा कोणी तयार केला नाही.

प्रॉटेस्टंट बाजूलाही फार वेगळे घडले नाही. सॅक्सनीतील मंडळ्यांची पाहणी करताना लोकांना, आणि पुष्कळ पाळकांनाही, दहा आज्ञा धड येत नाहीत हे धर्मसुधारक मार्टिन लूथरच्या ध्यानात आले. त्यानंतर १५२९ मध्ये त्याने जी लहान प्रश्नोत्तरावली लिहिली, तिच्या भागांवर ‘घरातील कर्त्याने आपल्या कुटुंबाला हे साधेपणाने शिकवावे’ अशा आशयाचे मथळे आहेत. म्हणजे मुलांचा पहिला शिक्षक बापच मानलेला होता.

संडे स्कूलची कथा मात्र देवळात सुरू होत नाही, ती रस्त्यावर सुरू होते. इंग्लंडमधील ग्लॉस्टर गावचा वृत्तपत्र-मालक रॉबर्ट रेक्स याने १७८० मध्ये, आठवडाभर कारखान्यांत राबणारी आणि रविवारी मोकाट हिंडणारी मुले पाहून, गावातील चार स्त्रियांना दर रविवारी एक शिलिंग देऊन त्या मुलांना वाचायला शिकवण्यास नेमले. हाय विकम येथे हॅना बॉल हिने १७६९ मध्येच असे वर्ग सुरू केले होते. रेक्सकडे छापखाना होता आणि १७८३ मध्ये त्याने आपल्याच वृत्तपत्रात या प्रयोगाविषयी लिहिले, म्हणून नाव त्याचे झाले. त्या चार बायकांकडून अपेक्षा होती ती वाचता येण्याची आणि मुलांना शांत बसवता येण्याची. हे काम आधी साक्षरतेचे होते आणि बायबल हे त्यातले पाठ्यपुस्तक होते. पुढे मुले शेकडोंनी येऊ लागली, शिलिंग परवडेना, तेव्हा पगारी बायकांच्या जागी स्वयंसेवक आले. माझ्या मते आजच्या प्रश्नाचे मूळ या बदलात आहे. पगार देणारा अट घालू शकतो. फुकट येणाऱ्याला पात्रता विचारायला जीभ रेटत नाही, आणि ही अडचण जालना-परभणीपर्यंत तशीच चालत आली आहे.

अमेरिकेत या अडचणीवर तोडगा निघाला तो पदवीचा नव्हता. १८७२ मध्ये अनेक प्रॉटेस्टंट पंथांनी मिळून एकसमान पाठमाला ठरवली, त्यामुळे ठरलेल्या रविवारी ठिकठिकाणच्या संडे स्कूलांत एकच उतारा शिकवला जाऊ लागला आणि शिक्षकाला आधाराची टिपणे मिळू लागली. पाठोपाठ १८७४ मध्ये शटॉक्वा सरोवराच्या काठी शिक्षकांसाठी उन्हाळी शिबिर सुरू झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी धर्मशिक्षणाला मानसशास्त्राची जोड देणारी चळवळ तेथे उभी राहिली आणि मोठ्या चर्चमध्ये त्यासाठी पगारी संचालक नेमले जाऊ लागले. मुलांना शिकवणाऱ्याने सेमिनरीत शिकावे ही अपेक्षा याच वाटेने आली आहे. ती पगारी पदाला चिकटलेली अपेक्षा आहे, हे तिचा उच्चार करणारे बहुधा विसरतात.

मराठी मुलखात अमेरिकन मिशनचे पहिले लोक १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि १८३१ मध्ये त्यांनी अहमदनगरला ठाणे केले. शिकवणारी माणसे तयार करण्याच्या दोन वाटा मिशनऱ्यांनी वेगळ्या ठेवल्या, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. उपदेशकासाठी ईशज्ञानाचे, म्हणजे ख्रिस्ती धर्मशास्त्राचे, वर्ग होते आणि शिक्षकासाठी नॉर्मल स्कूल, म्हणजे अध्यापन शिकवणारी शाळा. सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे धडे घेतले ते नगरला फरारबाई आणि पुण्यात मिचेलबाई या मिशनरी शिक्षिकांच्या याच दुसऱ्या वाटेवर. पहिल्या वाटेवर बायकांना प्रवेश नव्हता. त्यामुळे मुलांना शिकवण्याचे काम ज्यांच्याकडे सर्वाधिक आले त्या स्त्रियांपर्यंत सेमिनरी पोहोचलीच नाही, आणि या वस्तुस्थितीचे पुढे रूढीत रूपांतर झाले.

मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. जालन्याला स्कॉटिश मिशनच्या वतीने नारायण शेषाद्री यांनी काम उभारले. ब्राह्मण कुटुंबातील या गृहस्थाचा बाप्तिस्मा १८४३ मध्ये झाला होता. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्या काळात मिळालेल्या जमिनीवर जालन्याजवळ त्यांनी बेथेल नावाची वस्ती वसवली, जिथे प्रामुख्याने मांग आणि महार समाजातून आलेली ख्रिस्ती कुटुंबे राहू लागली. औरंगाबादेत चर्च मिशनरी सोसायटीचे काम पारशी समाजातून आलेल्या रतनजी नौरोजी यांनी सांभाळले. या दोन्ही ठाण्यांची मुळे परदेशी पैशात होती हे खरे, पण त्यांचे कर्ते पुरुष येथलेच होते हे मुद्दाम नोंदवावेसे वाटते.

अशा ठाण्यांच्या भोवतालच्या खेड्यांत मुलांना कोण शिकवी? मिशन शाळेचा मास्तर. सोमवार ते शनिवार तो मुळाक्षरे आणि पाढे घेई, रविवारी त्याच खोलीत, त्याच मुलांसमोर, शब्बाथशाळा, म्हणजे संडे स्कूल, घेई आणि पाळक दौऱ्यावर आला नसेल तर प्रार्थनाही चालवी. त्याच्या जोडीला घरोघर जाऊन बायबल सांगणारी बायबलबाई असे. मास्तराला मूल कसे शिकते हे ठाऊक होते आणि मिशनच्या वर्गांत बसून शास्त्राचीही बऱ्यापैकी ओळख झालेली असे. म्हणून त्याला सेमिनरी हवी का हा प्रश्न कोणाच्या डोक्यात येण्याचे कारण नव्हते. त्याच्या पाठीशी साधनेही होती. १८७६ मध्ये अलाहाबादला इंडिया संडे स्कूल युनियन स्थापन झाली, बालबोधमेवा या मासिकातून मुलांपुढे मराठी मजकूर येत राहिला, आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ च्या बाप्तिस्म्यानंतर लिहिलेल्या गीतांनी तर एक मोठेच काम केले. मराठी ख्रिस्ती लेकराला जे ईशज्ञान तोंडपाठ असते, त्यातले निम्मे तरी भजनांच्या चालीवर आलेले असते.

हा मास्तर नाहीसा झाला तेव्हा आजचा पेच सुरू झाला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. पुढच्या दशकांत परदेशी मिशनांचा पैसा आटला, खेडोपाडी जिल्हा परिषदेच्या शाळा निघाल्या आणि मिशनच्या लहान शाळा एकेक करून बंद पडल्या. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात अनेक प्रॉटेस्टंट पंथ एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापन झाली आणि जालन्याचे प्रेस्बिटेरियन व औरंगाबादचे अँग्लिकन एका छताखाली आले. कॅथलिकांचा औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ मध्ये स्वतंत्र झाला. रचना बदलल्या, घटना लिहिल्या गेल्या, समित्या झाल्या. मास्तराच्या रिकाम्या खुर्चीवर कोण बसणार हे मात्र कोणी ठरवले नाही. ती खुर्ची मग ज्या घरात वेळ होता त्या घरातील मुलीकडे गेली.

दरम्यान सेमिनरी अधिक दूर गेली. सेरामपूर कॉलेज १८१८ मध्ये स्थापन झाले, १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाच्या सनदेने त्याला पदव्या देण्याचा अधिकार मिळाला, आणि देशभरातील अनेक सेमिनऱ्या आज त्याच पदव्या देतात. यवतमाळची युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ मध्ये पुण्याला हलली. कॅथलिकांची पोपमहाशयांची सेमिनरी तर १९५५ मध्येच श्रीलंकेतील कँडीहून पुण्यात आली होती. बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) या सेमिनरीच्या पदवीसाठी साध्या पदवीनंतरही काही वर्षे द्यावी लागतात आणि अध्यापन बहुतेक इंग्रजीत चालते. भोकरदन किंवा गेवराईकडच्या विवाहित, शेतात वा अंगणवाडीत राबणाऱ्या बाईने रविवारच्या तासासाठी हे करावे असे म्हणणे म्हणजे तिला शिकवू नकोस असे म्हणण्यासारखेच आहे. शिवाय जो तरुण हे शिक्षण घेऊन परततो तो व्यासपीठावर उभा राहतो, मुलांच्या सतरंजीवर क्वचितच बसतो. अभ्यासक्रमात ‘ख्रिस्ती शिक्षण’ हा विषय असतो, पण त्याचा परीक्षेतील वाटा आणि मंडळीतील त्याची गरज यांचे प्रमाण फार व्यस्त आहे.

तरीही सेमिनरीची बाजू पोकळ नाही. काही वर्षांपूर्वी जालना जिल्ह्यातील एका खेड्यात मी मागे बसून एक वर्ग पाहिला. पत्र्याचे देऊळ, भिंतीला टेकवलेला फळा, सतरंजीवर सतरा मुले. शिक्षिकेने बायबलमधील जलप्रलयाची आणि नोहाच्या तारवाची (जहाजाची) गोष्ट सुरेख सांगितली. जनावरांच्या जोड्या आत शिरतात त्या वेळी मुलांनी बैल, शेळी, कोंबडी असे आवाज काढले. मग तिसरीतल्या एका पोरीने विचारले, ‘बाई, तारवात न बसलेली लेकरं बुडाली का? त्यांनी काय केलं होतं?’ बाई थबकल्या. ‘ती वाईट होती,’ असे म्हणून त्यांनी गाणे सुरू केले. मुलगी गायली नाही. डी.एड.ने बाईंना गोष्ट रंगवायला शिकवले होते. त्या प्रश्नाशी थांबायला मात्र शास्त्राशी झटापट केलेली असावी लागते. पण मंडळीचे पाळक सेमिनरीतून पदवी घेऊन आलेले होते, आणि त्या वेळी ते शेजारच्या खोलीत दशमांशाच्या, म्हणजे सभासदांनी मंडळीला दिलेल्या उत्पन्नाच्या दहाव्या हिश्श्याच्या, वहीत आकडे मांडत होते. आदल्या दिवशी त्यांनी अर्धा तास बाईंसोबत तो उतारा वाचला असता, तर ‘ती वाईट होती’ हे उत्तर बहुधा आले नसते. सेमिनरीचे शिक्षण मुलांपर्यंत पोहोचवण्याचा सर्वांत जवळचा रस्ता त्या दोन खोल्यांमधला आहे, असे मला तेव्हापासून वाटत आले आहे. पाळकाच्या कामाच्या यादीत शिक्षकांची तयारी पहिल्या तीनांत असावी, एवढे तरी मंडळीने त्याच्याकडे मागावे.

दूरच्या शिक्षकांपर्यंत शिक्षण नेण्याचे प्रयत्नही झाले. १९६३ मध्ये ग्वातेमालातील एका प्रेस्बिटेरियन सेमिनरीने विद्यार्थ्यांना बोलावण्याऐवजी अभ्यासच त्यांच्या गावी पाठवण्याची पद्धत काढली आणि १९७० च्या दशकात ती बंगळूरमार्गे भारतात रुजली. घरी अभ्यास, आठवड्यातून एकदा चर्चा, असे तिचे स्वरूप आहे. कॅथलिकांमध्ये पोप दहावे पायस यांनी १९०५ मध्ये प्रत्येक धर्मग्रामात धर्मशिक्षणाची संघटना असावी आणि तीत प्रापंचिकांनी, म्हणजे धर्मगुरू नसलेल्या सामान्य श्रद्धावंतांनी, हातभार लावावा असा आदेश दिला होता. बंगळूरला १९६७ मध्ये त्यासाठी राष्ट्रीय केंद्र निघाले. आणि १० मे २०२१ रोजी पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षकाच्या सेवेला रीतसर दर्जा दिला. धर्मगुरूची दीक्षा न घेता, पण तयारी आणि नेमणूक यांसह, अशी ही सेवा आहे. साडेचारशे वर्षांपूर्वी ट्रेंटने मोकळी ठेवलेली जागा याने थोडीफार भरली.

एक गोष्ट मात्र पदवीवर सोडता येत नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याची माहिती असलेल्या कोणत्याही व्यक्तीवर ती पोलिसांना कळवण्याचे बंधन आहे, आणि संडे स्कूलची शिक्षिका किंवा पाळक त्यातून सुटत नाहीत. या विषयाची माहिती देणारी एक दिवसाची बैठक कोणतीही मंडळी घेऊ शकते, आणि ती प्रत्येक नव्या शिक्षकासाठी सक्तीची असावी.

बीड, जालना आणि लगतच्या भागांतील मंडळ्यांत दसरा-दिवाळीनंतर सतरंजी निम्मी रिकामी होते. ऊसतोडीला निघालेली कुटुंबे मुले सोबत नेतात आणि पाच-सहा महिने कारखान्याच्या भोवतालच्या कोप्यांवर राहतात. तिथे पाळक नसतो, संडे स्कूल नसते, बहुधा रविवारही सुट्टीचा नसतो. परत आलेल्या लेकरांना विचारले की तिकडे प्रार्थना कोण घेत होते, तर एखादी सातवी-आठवीतली पोर हळूच हात वर करते.