फ्लीटसॅटकॉम उपग्रहांवरील रेडिओ-घुसखोरी

अमेरिकी नौदलाच्या फ्लीटसॅटकॉम उपग्रहांच्या वाहिन्यांचा ब्राझीलमधून झालेला चोरटा वापर. यात जॅमर (मुद्दाम संदेश अडवणारे यंत्र) नव्हता, शत्रुराष्ट्रही नव्हते. ट्रकचालक, लाकूडतोडे आणि हौशी मंडळींना फुकटात दूरवर बोलायचे होते. उपग्रहाला त्यांनी ‘बोलिन्या’ (छोटा चेंडू) असे लाडके नावही दिले.

१९७८ ते १९८९ दरम्यान सोडलेल्या या भूस्थिर उपग्रहांच्या बहुतेक वाहिन्यांवर साधारण २९२–३१८ मेगाहर्ट्झला आलेला संदेश २४०–२७० मेगाहर्ट्झला खाली परततो. उपग्रहावरचा ट्रान्सपाँडर (संदेश घेऊन परत पाठवणारे यंत्र) आलेली लहर वारंवारता बदलून व वाढवून परत पाठवतो. पाठवणारा कोण, हे तपासत नाही. लहरलांबी सुमारे १ मीटर असल्याने अरुंद झोतासाठी प्रचंड अँटेना लागेल. म्हणून उपग्रहाचा झोत त्याला दिसणाऱ्या सगळ्या भूभागावर पसरतो आणि ॲमेझॉनचे जंगलही त्यात येते.

घुसखोराचा संच म्हणजे १४४–१४८ मेगाहर्ट्झचा फेरफार केलेला हॅम (हौशी) रेडिओ आणि व्हॅरॅक्टर डायोड या इलेक्ट्रॉनिक भागाचे, वारंवारता दुप्पट करणारे दुप्पटक: १४७.५ चे २९५. मात्र दुप्पट करताना एफएमचे विचलनही (आवाजानुसार वारंवारता किती सरकते ते) दुप्पट होते. ५ किलोहर्ट्झचे १० झाले की आवाजाला सुमारे २६ किलोहर्ट्झ लागतात. वाहिनी २५ चीच, त्यामुळे शेजारच्या वाहिनीतही खरखर पोहोचते. सांकेतिकीकरणाने नौदलाचा संदेश गुप्त राहतो, पण अडलेली वाहिनी मोकळी होत नाही.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या घटनेतील कलम ४५ हानिकारक व्यत्ययाला मनाई करते. कलम ४८ लष्करी केंद्रांना पूर्ण मोकळीक देते, तरी व्यत्यय टाळण्याचे नियम शक्य तितके पाळायला सांगते. तक्रार रेडिओ नियमावलीच्या परिशिष्ट १० मधील नमुन्यात जाते: वारंवारता, पट्टारुंदी, वेळ, दिशा. ‘कालपासून खरखर आहे’ एवढ्यावर कोणताही देश पथक पाठवणार नाही. संघाकडे पोलीस नाहीत. दार ठोठावायचे ते त्या देशानेच.

ठिकाण शोधताना तोच संकेत शेजारच्या उपग्रहातूनही पकडून दोन्हींच्या आगमनवेळेतील व वारंवारतेतील फरक मोजतात. त्यातून परिसर कळतो. घर मात्र दिशाशोधक गाडीच सांगते. मार्च २००९ मध्ये अमेरिकेने दिलेली ठिकाणे ब्राझीलच्या अनाटेल या नियामक संस्थेने पडताळली आणि तिथल्या संघीय पोलिसांनी सहा राज्यांतील ३९ संशयितांवर कारवाई केली. १९९७ च्या दूरसंचार कायद्यानुसार यासाठी २ ते ४ वर्षे कैद आहे.

२०१२ ते २०१६ दरम्यान सोडलेल्या अमेरिकी नौदलाच्या पाच नव्या एमयूओएस दळणवळण उपग्रहांची मुख्य यंत्रणा वेगळ्या पद्धतीची आहे. पण जुने संच चालावेत म्हणून प्रत्येकावर जुन्या धर्तीच्या वाहिन्याही ठेवाव्या लागल्या.