सिस्टिम-ऑन-चिपमधील वीजबचत

प्रोसेसर, ग्राफिक्स, मोडेम, व्हिडिओ डीकोडर असे अनेक भाग सिलिकॉनच्या एकाच तुकड्यावर असतात, त्या चिपला सिस्टिम-ऑन-चिप म्हणतात. तिचा वीजवापर कमी राखण्यामागे बॅटरी टिकावी एवढाच हेतू नसतो. वापरलेल्या विजेची शेवटी उष्णताच होते आणि पंखा नसलेल्या मोबाइलला काही वॅटपलीकडची उष्णता सतत झेपत नाही.

वीज मुख्यतः दोन वाटांनी खर्च होते. पहिली वाट ट्रान्झिस्टरांच्या, म्हणजे चिपवरच्या सूक्ष्म विद्युत स्विचांच्या, उघडझापीची. दर सेकंदाचा हा खर्च क्लॉकच्या, म्हणजे चिपच्या कामाला ताल देणाऱ्या ठोक्यांच्या, वारंवारतेच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून काम हलके असताना दोन्ही एकत्र उतरवतात. दोन्ही २० टक्क्यांनी उतरवली, तर हा खर्च मूळच्या सुमारे ५१ टक्क्यांवर येतो. मात्र तेच काम संपायला सव्वापट वेळ लागतो, त्यामुळे त्या कामापुरती ऊर्जेची बचत ३६ टक्केच असते. शक्ती (दर सेकंदाचा खर्च) आणि ऊर्जा (एकूण खर्च) यांतला हा फरक वरवरच्या वर्णनांत हमखास सुटतो.

दुसरी वाट गळतीची. बंद ट्रान्झिस्टरमधूनही थोडा प्रवाह झिरपतच असतो आणि चिप तापली की तो वाढतो. आयबीएमचे रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ मध्ये सहकाऱ्यांसह मांडलेल्या नियमानुसार, ट्रान्झिस्टर लहान करत गेले आणि व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवले, तर दर चौरस मिलिमीटरला लागणारी वीज तेवढीच राहायला हवी. पण त्यासाठी ट्रान्झिस्टर ज्या व्होल्टेजला चालू होतो ते उंबरठा व्होल्टेजही उतरवावे लागते आणि ते साधारण १०० मिलिव्होल्टने उतरले की गळती दसपटीच्या आसपास जाते. २००५ च्या सुमारास हा नियम चालेनासा झाला. आता चिपवरचे सगळे ट्रान्झिस्टर एकाच वेळी पूर्ण वेगाने चालवणे परवडत नाही. काही भाग अंधारात, म्हणजे बंद, ठेवावाच लागतो.

रिकाम्या बसलेल्या भागाचा क्लॉक अडवणे, म्हणजे क्लॉक गेटिंग, हा सर्वांत स्वस्त उपाय. त्याने उघडझाप थांबते, गळती थांबत नाही. गळती थांबवायला पॉवर गेटिंग करून त्या भागाचा पुरवठाच तोडतात. हे दिसते तितके सोपे नाही. बंद भागाच्या अधांतरी तारांनी शेजारच्या चालू भागाचे काम बिघडू नये म्हणून सीमेवर त्या तारांचे संकेत अडवणारे आयसोलेशन सेल लागतात. महत्त्वाची माहिती जपायला रिटेन्शन रजिस्टर, म्हणजे पुरवठा तुटल्यावरही माहिती धरून ठेवणारे कप्पे, लागतात. आणि भाग एका झटक्यात जागा केला तर प्रवाहाच्या लोंढ्याने इतरांचे व्होल्टेज खचते, म्हणून पुरवठ्याचे स्विच टप्प्याटप्प्याने चालू करतात. शिवाय झोपण्या-उठण्यालाही ऊर्जा लागते. विश्रांती त्या खर्चाची भरपाई होण्याइतकी लांब नसेल, तर बंद करणे तोट्यातच जाते.

कोणता भाग कधी झोपणार हे एका प्रमाणित भाषेत लिहून डिझाइनच्या सोबत ठेवतात. २००७ मध्ये आलेले यूपीएफ (युनिफाइड पॉवर फॉरमॅट) हे त्याचे रूढ स्वरूप, पुढे ते आयईईई या अभियंत्यांच्या संघटनेचे १८०१ क्रमांकाचे मानक झाले. वीज वाचवण्याची आणखी एक वाट म्हणजे कामानुसार प्रोसेसर बदलणे. २०११ मध्ये आर्म या प्रोसेसर-रचना करणाऱ्या कंपनीने बिग-लिटल रचना जाहीर केली: जड कामाला कॉर्टेक्स-ए१५ हा मोठा प्रोसेसर, किरकोळ कामाला कॉर्टेक्स-ए७ हा छोटा. दोघांचा सूचनासंच, म्हणजे प्रोसेसरला कळणाऱ्या आज्ञांचा संच, एकच असल्याने काम एकावरून दुसऱ्यावर हलवता येते.

माहितीची ने-आण हा खर्च मात्र सहज नजरेआड होतो. दोन संख्यांची बेरीज करण्यापेक्षा त्या चिपबाहेरच्या डीरॅममधून, म्हणजे मुख्य मेमरीतून, आणायला हजारो पट ऊर्जा लागते. म्हणून चिपवर मोठी कॅश, म्हणजे वारंवार लागणारी माहिती जवळ ठेवणारी मेमरी, ठेवणे हीसुद्धा वीजबचतच असते.