नोकरीसाठी काढलेल्या कॉलेजांत धंद्याचा तास

ठाणे-बेलापूर पट्ट्यात धंदा कुणी वर्गात बसून शिकलं नव्हतं. १९६२ मध्ये एमआयडीसीची सुरुवात झाली ती ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये. तिथल्या शेडमध्ये एक-दोन लेथ टाकून बसलेले बरेच मालक आधी कुठल्या तरी कंपनीत हात काळे करून आलेले होते.

कॉलेजं नंतर आली. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील सरकारने विनाअनुदानित इंजिनीअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. त्याच वर्षी नेरूळचं रामराव आदिक इन्स्टिट्यूट निघालं, पुढे ऐरोली, बेलापूर, वाशीतही कॉलेजं उभी राहिली. फी भरणाऱ्या आईबापांना हवी होती नोकरी. त्यामुळे कॉलेजचा भाव प्लेसमेंटवर ठरू लागला, आजही ठरतो.

मुलांनीच धंदा चालवून तो शिकायचा, ही कल्पना मात्र जुनी. १९१९ मध्ये भाऊराव पाटलांनी कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. तिची ‘कमवा व शिका’ योजना सगळ्यांना ठाऊक आहे, पण तिथली कमाई शिक्षणाच्या खर्चासाठी. त्याच वर्षी अमेरिकेत ज्युनिअर अचीव्हमेंट ही संस्था सुरू झाली. तिथे मुलं कंपनी काढायची, माल करून विकायची, ती धंदा कळावा म्हणून. फ्रान्समध्ये १९६७ पासून विद्यार्थ्यांच्या ‘ज्युनिअर एंटरप्राइझ’ बाहेरच्या कंपन्यांची कामं पैसे घेऊन करू लागल्या.

आपल्याकडे २०१६ च्या केंद्र सरकारच्या स्टार्टअप इंडिया योजनेनंतर कॉलेजांत ई-सेलच्या, म्हणजे उद्योजकता कक्षाच्या, पाट्या भराभर लागल्या. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी धंदा म्हणजे पीपीटी आणि परीक्षकांपुढे दहा मिनिटं. त्यापेक्षा फेस्टमधला थ्रीडी प्रिंटेड कीचेनचा स्टॉल जास्त शिकवतो. समजा, एका कीचेनला फिलामेंट, म्हणजे प्रिंटरमधली प्लास्टिकची तार, लागलं ८ रुपयांचं आणि ती विकली ५० ला. पोरं खूश, ४२ रुपये सुटले! मग कुणीतरी वहीत बिघडलेले प्रिंट धरतो, मशीनचे तास धरतो, मित्रांना दिलेली उधारी धरतो. वीज कॉलेजची, म्हणून ती तरीही धरायची राहतेच. या वहीला मार्क नाहीत, हे मला खटकतं.

दुसरी अडचण कॅलेंडरची. मे महिन्यात शेवटच्या वर्षाची मुलं निघून जातात. यूपीआयचा क्यूआर कोड त्यांच्यातल्याच एकाच्या खात्याचा असतो, आणि जूनमध्ये ऑर्डरचा फोन आला तर तो उचलायला कुणी नसतं.