राम मारुती रोडवरची काच आणि पोटरीतली कळ

ठाण्याच्या नौपाड्यात राहणारा माझा मामा गेल्या वर्षीपर्यंत राम मारुती रोडवरून एका दमात कधी चालत गेला नाही. दोन-अडीचशे पावलं झाली की एखाद्या दुकानाच्या काचेपुढे थांबायचा. कधी साड्या, कधी चष्मे, एकदा तर बाळाची झबली. मामी वैतागायची, "अहो, घ्यायचं काही नाही, मग बघता काय?" दोनेक मिनिटांनी तो आपणहून निघायचा. पुन्हा तेवढीच पावलं, पुन्हा काच.

गंमत म्हणजे जर्मन लोक या दुखण्याला बोलताना 'दुकानाच्या काचेचा आजार' असंच म्हणतात. चालता चालता पोटरीत गोळा येतो, थांबणं भाग पडतं, आणि भर रस्त्यात नुसतं उभं राहणं बरं दिसत नाही म्हणून माणूस काच न्याहाळतो. मामाला जर्मन येत नाही, पण युक्ती तीच सुचली.

डॉक्टरांच्या भाषेत हा पेरिफेरल आर्टरी डिसीज, म्हणजे पीएडी. पायाकडे रक्त नेणाऱ्या रोहिण्यांच्या आतल्या अस्तरात चरबीचा थर साचत जातो, पुढे तो कडक होतो आणि वाट अरुंद होते. हेच हृदयाच्या रोहिणीत झालं की आपण 'ब्लॉकेज' म्हणून धावपळ करतो. पायात झालं की 'वय झालं' म्हणतो. खरं तर पायाच्या रोहिण्या खराब झाल्या असतील, तर हृदयाच्या आणि मेंदूच्याही तितक्याच संशयास्पद असतात. म्हणून या आजारात पायाइतकीच भीती हार्ट अटॅकची आणि पक्षाघाताची असते.

मामाला आधी सायटिका म्हणून कमरेचा पट्टा मिळाला होता. ही गल्लत नेहमीची आहे, कारण मणक्यात नस दबली तरी चालताना पाय दुखतात. पण एक प्रश्न विचारला की बराच उलगडा होतो: नुसतं उभं राहून कळ थांबते, की बसावं किंवा पुढे वाकावं लागतं? मणक्याच्या दुखण्यात उभं राहून फारसं भागत नाही, माणूस कट्टा शोधतो. रोहिणीच्या दुखण्यात उभ्या उभ्या दोन-पाच मिनिटांत कळ विरते. मामा काचेपुढे उभाच असायचा. हे मामीला दिसत होतं, डॉक्टरांना कुणी सांगितलं नव्हतं.

बसल्यावर काहीच दुखत नाही आणि चालल्यावरच का दुखतं, हे समजायला आपल्या सोसायटीची पाण्याची पाइपलाइन आठवा. पाइप आतून गंजून अरुंद झालाय. दुपारी एकच नळ चालू असतो, तेव्हा धार बरी येते. सकाळी सात वाजता सगळ्यांनी नळ सोडले की वरच्या मजल्यावर करंगळीएवढी धार. रक्ताचंही तसंच, फक्त त्यात एक खोच आहे. वरची मोठी रोहिणी अरुंद झाली की खालच्या बारीक रक्तवाहिन्या आपणहून फैलावतात आणि विश्रांतीच्या वेळेपुरतं रक्त ओढून घेतात. म्हणूनच आजार वर्षानुवर्षं गुपचूप वाढतो. पण चालायला लागल्यावर पोटरीच्या स्नायूंना कितीतरी पट जास्त रक्त लागतं, आणि फैलावायची सोय तर आधीच वापरून झालेली असते. प्राणवायू कमी पडतो, स्नायू कळवळतो. थांबलं की मागणी उतरते आणि कळही.

अरुंद होण्याचा हिशेबही क्रूर आहे. प्वाझय नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात दाखवलं की बारीक नळीतला प्रवाह तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. त्रिज्या निम्मी झाली तर प्रवाह निम्मा राहत नाही, एक सोळांश होतो. शरीरातल्या रोहिण्या लवचिक असतात, त्यामुळे गणित इतकं सरळ लागू होत नाही, पण थोड्याशा थराने एवढा फरक का पडतो याचा अंदाज येतो.

निदान मात्र आश्चर्य वाटावं इतकं साधं. मामाला टेबलावर आडवं केलं, दंडाला आणि घोट्याला रक्तदाबाचा पट्टा बांधला, थंडगार जेल लावून रक्ताच्या प्रवाहाचा आवाज ऐकवणारं पेनाएवढं डॉपलर यंत्र टेकवलं. हाताशी 'हुश्श-हुश्श' असा भरघोस आवाज आला, उजव्या पायाशी कुणी लांबून फुंकर घालावी तसा. दंडाचा दाब १४०, उजव्या घोट्याचा ८४. भागाकार ०.६०. हा आकडा १ ते १.४० मध्ये असावा. ०.९० किंवा त्याखाली गेला की पीएडी समजतात. सुई नाही, भूल नाही. जुन्या मधुमेहात मात्र रोहिण्या चुन्यासारख्या कडक होतात, पट्ट्याने दबतच नाहीत आणि आकडा फसवा, १.४० च्याही वर येतो. तेव्हा पायाच्या अंगठ्याचा दाब मोजतात.

मधुमेहाचा आणखी एक डाव आहे. त्यात पायाच्या संवेदना बोथट होतात, म्हणून कळच जाणवत नाही. माणूस म्हणतो, 'मला कुठे काय दुखतंय?' आणि पहिली खूण दिसते ती न भरणाऱ्या जखमेची. धड कातडी जिवंत ठेवायला थोडं रक्त पुरतं, पण फाटलेली कातडी सांधायला त्याच्या अनेकपट लागतं. म्हणून अशा पायाला जखम झाल्यावर उपचार करण्यापेक्षा ती होऊच न देणं सोपं.

ठाण्याचा पावसाळा इथे मोठा शत्रू. स्टेशनहून घरी येईपर्यंत बुटात पाणी, ओले मोजे तसेच, मग बोटांच्या बेचक्यांत चिखल्या. धडधाकट माणसाला खाज सुटते, पीएडीवाल्याला त्याच भेगेतून जंतू शिरून बोट गमवावं लागू शकतं. पाय धुतल्यावर बेचक्या टिपून कोरड्या करायच्या. टाचेच्या भेगांना मलम लावायचं, बेचक्यांत मात्र नाही, तिथे ओल धरते. नखं सरळ कापायची, कोपरे कोरत बसलं की नखुरडं होतं. कुरूप ब्लेडने तासणं हा आपल्याकडचा रविवार सकाळचा उद्योग, तो बंद. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या कुरूपाच्या पट्ट्याही नकोत, त्यातलं आम्ल चांगल्या कातडीलाही खातं.

आणि शेक! पाय गार पडले की मायेने गरम पाण्याची पिशवी येतेच. बधिर पायाला चटका कळत नाही, आणि उष्णतेने कातडीची प्राणवायूची भूक वाढते, पुरवठा मात्र तेवढाच. लोकरी मोजे घाला, पुरे. पाय सुजतात म्हणून शेजाऱ्यांनी सुचवलेले घट्ट स्टॉकिंगसुद्धा घोट्याचा दाब मोजल्याशिवाय चढवू नका. आधीच कमी असलेला प्रवाह ते आणखी दाबतात.

नवरात्रात अनवाणी चालण्याचा मामाचा जुना नेम होता, टेंभी नाक्याच्या देवीपर्यंत. तो सोडवताना घरात बरीच वादावादी झाली. शेवटी देवीच्या मंडपात तरी मोजे घालायचे, यावर तह झाला. ऑक्टोबरच्या दुपारी तापलेली फरशी काय करते, हे ज्याला जाणवत नाही त्यालाच सांगावं लागतं.

रात्री झोपण्याआधी तो आता जमिनीवर आरसा ठेवतो आणि तळवे बघतो. पहिल्या दिवशी मला म्हणाला, "अगं, साठ वर्षं या पायांवर उभा आहे, तळवा आज पाहिला." चपलेत हात घालून खडा, खिळा चाचपण्याचीही सवय लागली.

तंबाखूबद्दल मी मवाळ लिहिणार नाही. मामाने वागळे इस्टेटमधल्या नोकरीत तीस वर्षं सिगारेट ओढली. या आजारात तिच्याइतकं नुकसान क्वचितच दुसरं काही करतं. रक्त पातळ ठेवणारी गोळी, कोलेस्टेरॉल उतरवणारं स्टॅटिन, साखर आणि रक्तदाबाचे उपचार हे सगळं लागतंच, पण धूर चालू ठेवून ते घेणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणं. तरुण विडीवाल्यांत तर बर्गर्स डिसीज नावाचा वेगळाच आजार होतो. त्यात तंबाखू सुटली नाही तर बोटं एकेक करत जातात.

उपचारांतला सगळ्यात उलटा वाटणारा भाग म्हणजे चालणं. दुखतं म्हणून घरी बसायचं नाही. चालायचं, कळ बऱ्यापैकी चढेपर्यंत. मग थांबायचं, ती पूर्ण उतरू द्यायची, पुन्हा निघायचं. असं तीस ते पंचेचाळीस मिनिटं, आठवड्यातून तीनदा, निदान बारा आठवडे, आधी हृदय तपासून. 'नवीन रक्तवाहिन्या फुटतात' असं याचं स्पष्टीकरण ऐकू येतं, ते अपुरं आहे. मुख्य फरक स्नायूत पडतो: मिळेल तेवढ्या प्राणवायूत तो जास्त काम करायला शिकतो.

नाहीच भागलं तर रोहिणीत नळीने नेऊन फुगवायचा फुगा आहे, म्हणजे अँजिओप्लास्टी. तिचं नाव काढलं की हृदय आठवतं, पण ती जन्मली पायात. १६ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेत चार्ल्स डॉटर यांनी ८२ वर्षांच्या एका बाईची मांडीतली अरुंद रोहिणी आतून नळी सरकवून मोकळी केली. बोटं काळी पडली होती, बाई पाय कापू देत नव्हती. पाय वाचला.

वाट बघण्यासारखी नसलेली लक्षणं वेगळी. रात्री बिछान्यात पाऊल ठणकतं आणि पाय खाटेवरून खाली सोडला की बरं वाटतं, कारण मग गुरुत्वाकर्षण रक्ताला मदत करतं. बोट काळं-निळं पडतं, जखम चिघळते. यात दिवस घालवू नयेत. आणि पाय अचानक गार, पांढराफटक, बधिर होऊन प्रचंड दुखू लागला, तर हातात फक्त काही तास असतात. तेव्हा तेल चोळत बसायचं नाही, रक्तवाहिन्यांचे शल्यचिकित्सक असलेलं रुग्णालय गाठायचं.

मामाचं सध्या कचराळी तलावाभोवती चालणं सुरू आहे. सुरुवातीला पहिल्याच बाकाशी टेकायचा. गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला, "चौथा बाक ओलांडला गं." राम मारुती रोडवर आता साड्यांच्या काचेपुढे मामी थांबते, आणि तो पुढे जाऊन कोपऱ्यावर तिची वाट बघतो.