‘झाडपाल्याचं औषध आहे, अपाय नाही’ हे खरं नाही

मेळघाटापासून गडचिरोलीपर्यंतच्या आठवडी बाजारांत हे वाक्य हमखास ऐकू येतं. ज्येष्ठमधाचंच बघा. खोकल्यात तुकडा चघळणं वेगळं. पण रोज भरपूर, कित्येक आठवडे पोटात गेलं तर त्यातलं ग्लिसरायझिन हे द्रव्य शरीरातलं पोटॅशियम घटवतं, बीपी वाढवतं, हृदयाचे ठोकेही बिघडवू शकतं. हृदयविकारावरची डिगॉक्सिनची गोळी चालू असेल तर धोका आणखी मोठा.

बुद्धीसाठी विकल्या जाणाऱ्या गिंकगो या झाडाच्या पानांच्या अर्काची अमेरिकेत ३,००० हून अधिक वृद्धांवर चाचणी झाली. २००८ मध्ये निष्कर्ष आला: स्मृतिभ्रंश टळला नाही.

सगळ्यात भीती वाटते ती अर्जुनाच्या सालीचा काढा सुरू करून हार्टची गोळी परस्पर बंद करणाऱ्यांची. तसं करू नका. आरोग्य केंद्रात जाताना पुडी सोबत न्या, डॉक्टरांना दाखवा.